उद्यां कोण जिंकणार?

उद्यांच्या सामन्यांत कोण जिंकणार, या प्रश्नाइतका समतावादी प्रश्न दुसरा क्वचितच सांपडेल. दुखण्याविषयीं बोलतांना मनुष्य डॉक्टरास विचारतो, खटल्याविषयीं बोलतांना वकिलास विचारतो. पण क्रिकेटच्या सामन्याचें भाकित करावयाचें म्हटलें कीं शाळकरी पोरापासून निवृत्त तलाठ्यापर्यंत प्रत्येकाचा अधिकार सारखाच. ज्यानें जन्मांत एकहि चेंडू धड झेललेला नाहीं, तोहि कर्णधारानें कोणाच्या हातीं चेंडू द्यावयास हवा होता हें ठासून सांगतो; आणि त्यास कोणी हरकत घेत नाहीं, कारण हरकत घेणाऱ्याची योग्यताहि तेवढीच असते. कॉलेजांत इंग्रजी शिकविणाऱ्या आमच्यासारख्या मनुष्यासहि सामन्याच्या आदल्या दिवशीं लोक रस्त्यांत थांबवून विचारतात, 'काय सर, उद्या काय होणार?' शेक्स्पिअरविषयीं इतक्या आपुलकीनें आम्हांस आजवर कोणीं विचारिलें नाहीं.

हा प्रश्न सर्वत्रच विचारला जातो. पण आमच्या जुन्नर आणि आंबेगांव तालुक्यांत तो जरा निराळ्या सुरांत विचारतात. येथें भाकित हा छंद नव्हे, संसार आहे. घाटमाथ्यावर पाऊस किती झाला, माणिकडोह, डिंभें, वडज, येडगांव आणि पिंपळगांव जोगें या कुकडी प्रकल्पाच्या पांच धरणांत पाणी किती सांठलें, आवर्तन केव्हां सुटणार, यांवर ज्याचें वर्ष उभें असतें, त्यास उद्यांचा अदमास आज बांधावाच लागतो. आणि तो अदमास कसा फसतो हेंहि त्याच्याइतकें कोणास ठाऊक नाहीं. २०२३ च्या उन्हाळ्यांत नारायणगांवच्या बाजारांत टोमॅटोस तोडणीची मजुरीहि निघेना. आणि त्याच वर्षाच्या जुलैंत वीस किलोंच्या एका क्रेटचा भाव दोन हजार रुपयांच्याहि वर गेला. त्या उन्हाळ्यांत ज्यानें पीक सोडून दिलें आणि ज्यानें नेटानें राखलें, त्या दोघांचाहि हिशेब कागदावर सारखाच बिनचूक होता. एकाचा संसार उभा राहिला आणि दुसऱ्याचा बसला, एवढाच काय तो फरक.

बैलगाड्यांच्या घाटांतहि हेंच दिसतें. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें २०१४ सालीं बंद पडलेल्या या शर्यतींस २०२१ च्या डिसेंबरांत पुन्हां परवानगी मिळाली, आणि २०२३ सालीं न्यायालयानें राज्याचा कायदाहि ग्राह्य धरिला. तेव्हांपासून आमच्याकडील यात्रा पुन्हां गजबजल्या आहेत. शर्यतींचें बरें-वाईट हा येथें विषय नाहीं. आम्हांस पाहण्यासारखीं वाटतात तीं भोंवतालचीं माणसें. अमुक बारी इतक्या सेकंदांत जाणार असें जो घाटाच्या कडेला उभा राहून छातीठोकपणें सांगतो, त्याच्या दावणीला बहुधा बैल नसतो. ज्याचे बैल असतात तो त्यांचे खूर पाहतो, खांदा चांचपतो, पाण्याची बादली पुढें करतो, आणि 'काय होणार?' असें कोणीं विचारिलें तर 'देवाला ठाऊक' म्हणून मान फिरवितो. त्याच्या मनांत आशा नसते असें नाहीं; पण तिच्यावर त्याचें इतकें कांहीं लागलेलें असतें कीं ती त्यास बोलून दाखवितां येत नाहीं. मोठ्यानें भाकित करणारा आणि जीव लावून बसलेला, हीं माणसें सहसा निरनिराळीं असतात.

क्रिकेटनें तर भाकितकारांची जितकी फजिती केली आहे तितकी पावसानेंहि केली नसेल. आमच्याच पेशाचे प्रा. दि. ब. देवधर पुण्यास सर परशुरामभाऊ कॉलेजांत संस्कृत शिकवीत आणि महाराष्ट्राच्या संघाचें नेतृत्व करीत. त्यांच्या हाताखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० आणि १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक जिंकला; आणि दुसऱ्या वर्षीं बलाढ्य मुंबईविरुद्ध या प्राध्यापकांनीं स्वतः २४६ धांवा काढिल्या. वयाचीं अठ्ठेचाळीस वर्षें तेव्हां पुरीं झालीं होतीं. त्या वयाच्या मनुष्याविषयीं भाकित करावयाचें तर तें पेन्शनीचें करावें, द्विशतकाचें नव्हे! १९४८ च्या डिसेंबरांत पुण्यासच काठेवाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धांवांवर नाबाद होते. ब्रॅडमनच्या ४५२ च्या जागतिक विक्रमाशीं बरोबरी होण्यास नऊ धांवा उरल्या असतां प्रतिपक्षानें पुढें खेळण्याचेंच नाकारून सामना सोडून दिला. फलंदाज बाद कसा होईल याचे सारे प्रकार भाकितकारांस पाठ असतात. पण समोरचा संघच उठून घरीं जाईल हा प्रकार कोणाच्या स्वप्नांतहि नव्हता. अलीकडचें उदाहरण पाहिजे असेल तर आपल्याच जिल्ह्यांतील गहुंज्याचें घ्यावें. तेथें १५ जानेवारी २०१७ रोजीं इंग्लंडनें ३५० धांवा उभारल्या आणि भारताचे चार गडी ६३ धांवांत परतले. मग विराट कोहलीनें १२२ आणि पुण्याच्याच केदार जाधवनें अवघ्या ७६ चेंडूंत १२० धांवा काढिल्या, आणि सामना तीन गडी राखून भारताचा झाला.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे, आणि ती इतकी सवयीची आहे कीं चटकन् ध्यानांत येत नाहीं. हीं सारीं भाकितें पुरुषांच्या खेळाविषयींचीं आहेत. स्त्रियांच्या क्रिकेटविषयीं आमच्या भागांत भाकितें चुकलीं नाहींत, कारण तीं कधीं झालींच नाहींत. वस्तुतः स्त्रियांची विश्वचषक स्पर्धा १९७३ सालीं, म्हणजे पुरुषांच्या आधीं दोन वर्षें, सुरूं झाली. त्याच १९७३ सालीं भारतांतील स्त्रियांची पहिली आंतरराज्य स्पर्धा आपल्या पुण्यांत भरली; मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ तींत होते. पुढें २००५ सालीं भारतीय स्त्रियांचा संघ दक्षिण आफ्रिकेंत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोंचला आणि ऑस्ट्रेलियाकडून ९८ धांवांनीं हरला. २०१७ सालीं लॉर्ड्सवर इंग्लंडविरुद्ध विजयास २२९ धांवा हव्या होत्या. तीन बाद १९१ अशा सुस्थितींतून डाव २१९ वर आटोपला, आणि नऊ धांवांनीं चषक हुकला.

२००५ च्या त्या पराभवानें आमच्या भागांत कोणाच्या तोंडचा घांस अडला नाहीं. यांत लोकांच्या मनाचा कठोरपणा नव्हता. पराभवाचें दुःख होण्यास आधीं विजयाची अपेक्षा करावी लागते, आणि अपेक्षा करण्यास आधीं तो खेळ आपला मानावा लागतो. यावरून आमची अशी समजूत झाली आहे कीं, भाकित हें ज्ञान नसलें तरी तो मान देण्याचा एक प्रकार खचित आहे. ज्याच्या उद्यांविषयीं लोक हमरीतुमरीवर येतात, तो त्यांच्या घरांतला झाला. ज्याच्याविषयीं कोणी चकार शब्द काढीत नाहीं, तो जिंकला तरी परका आणि हरला तरी परका.

हा मान भारतीय मुलींस आमच्या भागांत मिळालेला आम्हीं पाहिला तो ३१ ऑक्टोबर २०२५ रोजीं, शुक्रवारीं. आदल्या रात्रीं नव्या मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यांत भारतानें ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धांवा ओलांडल्या होत्या. स्त्रियांच्या एकदिवसीय सामन्यांत इतका मोठा पाठलाग त्यापूर्वीं कधींच सफल झाला नव्हता. जेमिमा रॉड्रिग्जनें नाबाद १२७ आणि कर्णधार हरमनप्रीत कौरनें ८९ धांवा काढिल्या होत्या. आणि २०१७ नंतर विश्वचषकांत एकदांहि न हरलेला ऑस्ट्रेलियाचा संघ घरीं निघाला होता. आतां रविवारीं त्याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेशीं अंतिम सामना व्हावयाचा होता. सकाळीं नारायणगांवच्या एस्टी स्टँडसमोर चहाच्या टपरीवर पाहतों तों दोन आडते आणि एक बसचालक यांच्यांत रण माजलेलें!

'टॉस हरलो तरी चालेल, पण पहिली बॅटिंग आपली पाहिजे,' एक आडते म्हणत होते.

'अन् दवाचं काय, अण्णा? रात्री बॉल साबणासारखा निसटतो हातातून.'

'दीप्तीच्या हातातून नाही निसटत!'

ही दीप्ति म्हणजे दीप्ति शर्मा, आग्र्याची. अण्णांनीं तिचा उल्लेख जणूं ती त्यांच्या शेजारच्या आळींत राहत असावी अशा सलगीनें केला. सचिनला आपण तेंडुलकर म्हणत नाहीं. घरच्या माणसास आडनांव लागत नाहीं. एका साध्या नांवाच्या उच्चारानें किती मोठें अंतर तुटलें तें आम्हीं तेथें चहाचा पेला हातांत धरून ऐकिलें. एरवीं जे लोक 'बायकांचं क्रिकेट' म्हणून वाहिनी बदलीत, तेच त्या दिवशीं कोणत्या गोलंदाजास कोणतें षटक द्यावें यावरून घसा कोरडा करीत होते.

त्या दोन दिवसांत दोन्ही पारड्यांत काय काय होतें तें आज शांतपणें पाहतां येतें. भारताच्या बाजूनें पाहिलें तर, सांगलींत वाढलेली स्मृति मानधना उत्तम लयींत होती, आणि याच मैदानावर २३ ऑक्टोबरला न्यूझीलंडविरुद्ध तिनें शतक काढिलें होतें. मैदान ओळखीचें, प्रेक्षक आपले, आणि ऑस्ट्रेलियास हरविल्याची ताजी उभारी. पण दुसरें पारडेंहि हलकें नव्हतें. याच स्पर्धेंत भारत लागोपाठ तीन सामने हरला होता, आणि त्यांतला पहिला, ९ ऑक्टोबरचा विशाखापट्टणमचा, याच दक्षिण आफ्रिकेकडून. त्या दिवशीं २५२ धांवांच्या पाठलागांत आफ्रिकेचे पांच गडी ८१ धांवांत गेले असतांहि नादिन डी क्लर्कनें ५४ चेंडूंत नाबाद ८४ धांवा काढून सामना हिसकावून नेला होता. शिवाय मानधनाबरोबर डावाची सुरुवात करणारी प्रतिका रावल २६ तारखेस क्षेत्ररक्षण करितांना घोटा दुखावून स्पर्धेबाहेर गेली होती. आणि आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोल्व्हार्ट हिनें उपांत्य सामन्यांत इंग्लंडविरुद्ध १६९ धांवा ठोकिल्या होत्या.

परंतु आफ्रिकेचा संघ तरी एकसारखा कोठें खेळला होता? याच स्पर्धेंत तो इंग्लंडविरुद्ध ६९ धांवांत आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध ९७ धांवांत गारद झाला होता. ६९ धांवांत कोसळणारा संघ खरा, कीं त्याच इंग्लंडास उपांत्य सामन्यांत १२५ धांवांनीं लोळविणारा संघ खरा? आंकडे हे साक्षीदारांसारखे असतात. ज्या पक्षाचा वकील विचारील त्याच्या सोयीचें उत्तर देतात, आणि खोटें तर एकहि बोलत नाहींत. लॉर्ड्सवरची पडझड आठवणारा मनुष्य 'ऐन वेळीं कच खाणार' म्हणे. गुरुवारचा पाठलाग पाहिलेला मनुष्य 'आतां अशक्य असें कांहींच नाहीं' म्हणे. उद्यांविषयीं बोलतांना दोघेहि मागेंच बोट दाखवीत होते. फक्त एकाचें बोट आठ वर्षें मागें होतें आणि दुसऱ्याचें दोन दिवस.

सामन्याविषयीं हें असें, तर माणसांविषयींचीं भाकितें याहूनहि फसवीं. या संघाचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार. १९८८ सालीं मुंबईच्या शालेय स्पर्धेंत सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी ६६४ धांवांची अभंग भागी रचीत होते, तेव्हां पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून ताटकळत बसलेला मुलगा तो हाच. पुढें रणजी स्पर्धेंतील पहिल्याच सामन्यांत त्यांनीं मुंबईतर्फें २६० धांवा काढिल्या, तेव्हां हे आतां भारताकडून खेळणार, यांत जाणत्यांसहि शंका उरली नाहीं. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्यें त्यांनीं अकरा हजारांहून अधिक धांवा केल्या. पण भारताची टोपी त्यांच्या डोक्यावर एकदांहि आली नाहीं. २०२३ च्या ऑक्टोबरांत ते स्त्रियांच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. ज्यांच्याविषयींचें एवढें खात्रीचें भाकित फळास आलें नाहीं, त्यांच्याच हातीं या अंतिम सामन्याची तयारी असावी, हा योग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. लोकांच्या अपेक्षेचें ओझें काय असतें, आणि ती अपेक्षा पुरी न होतांहि मनुष्यानें आपलें काम कसें करीत राहावें, हें त्यांस निराळें शिकावयास नको होतें.

शनिवारीं, म्हणजे सामन्याच्या आदल्या दिवशीं, हा प्रश्न आमच्यापुढें अगदीं निराळ्या रूपानें आला. आमच्या वर्गांत आंबेगांव तालुक्यांतील, घोडनदीकांठच्या एका गांवची मुलगी आहे. ती वेगानें गोलंदाजी करते, आणि गांवच्या शाळेच्या मैदानावर सात-आठ मुली जमवून संध्याकाळीं सराव करते. आमच्या भागांत उसाच्या फडांत बिबट्या राहतो, ही कांहीं आजीबाईच्या गोष्टींतली गोष्ट नव्हे. जुन्नरजवळ माणिकडोहास बिबट्यांसाठीं निवारा केंद्रच आहे. नोव्हेंबरांत सहाच्या सुमारास दिवस मावळतो, आणि मैदानापासून घरापर्यंतची वाट दोन्ही बाजूंनीं उसांतून जाते. त्या दिवशीं तास संपल्यावर ती थांबली आणि म्हणाली, 'सर, उद्या त्या हरल्या तर आमची प्रॅक्टिस बंद. आप्पा म्हणालेत, बघू काय दिवे लावतात त्या, मग ठरवू. आता मॅच बघायची तरी कशी?'

आम्हीं विचारिलें, 'तुला कोण जिंकेल असं वाटतं?' ती कांहीं बोलली नाहीं. हातांतल्या वहीचा कोपरा दुमडीत राहिली. घाटावरचा बैलवाला मान कां फिरवितो, हें आम्हांस त्या क्षणीं पुरतें उमगलें. देशांतील कोट्यवधि लोक उद्यां सामना पाहणार होते. पण या मुलीइतकें त्यावर कोणाचें काय लागलें होतें? इतरांची फार तर रात्र वाईट गेली असती. हिची संध्याकाळ गेली असती, आणि ती एक संध्याकाळ नव्हे.

दुपारीं मंचरच्या बाजारांत तिचे वडील भेटले. गृहस्थ सरळ, कष्टाळू, मुलीच्या शिक्षणासाठीं पैसा मोजतांना कधीं कांकूं न करणारे. आम्हीं विषय काढिला. म्हटलें, 'आप्पा, १९ नोव्हेंबर २०२३ ची रात्र आठवते का? आपला पुरुषांचा संघ लागोपाठ दहा सामने जिंकून अहमदाबादेस फायनलला गेला आणि हरला. दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमच्या मुलाची बॅट काढून घेतली होती का?'

ते हंसले. 'त्याची कशाला घेऊ, सर? तो थोडाच हरला होता!'

'मग उद्या त्या हरल्या, तर हिनं काय केलं?'

आप्पा बराच वेळ कांद्याच्या गोणीवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, 'तुमचं खरं आहे, सर. पण तुम्ही एक ध्यानात घ्या. उसातून येताना पोराला काही झालं, तर गाव बिबट्याला शिव्या देईल. पोरीला झालं, तर मला देईल. मला गावाला काहीतरी दाखवायला नको का?'

या उत्तरानें आम्ही निरुत्तर झालों असें नाहीं. पण विचारांत मात्र पडलों. आप्पा मुलीच्या आड येत नव्हते. तिच्या वतीनें गांवापुढें मांडावयास ते एक पुरावा शोधीत होते, आणि नव्या मुंबईच्या त्या अकराजणींनीं तो मिळवून द्यावा अशी त्यांची अपेक्षा होती. मुलग्यांस खेळण्यासाठीं असा पुरावा कोणी मागत नाहीं. त्यांचा संघ हरतो, लोक चिडतात, घरोघरचे दूरदर्शन संच बंद होतात, आणि दुसऱ्या दिवशीं गल्लींत तोच चेंडू आणि तीच फळी. हरण्याचा हक्क त्यांस जन्मतः मिळालेला आहे. मुलींस जिंकण्याचा हक्क मिळूं लागला आहे, ही आनंदाची गोष्ट खरी; पण ज्यास हरण्याचा हक्क नाहीं त्याचा जिंकण्याचा हक्कहि एका दिवसापुरताच असतो. भाकित हा मान असेल, तर त्याबरोबर ही जोखीम कां येते, आणि ती मुलींच्याच वांट्यास कां येते, हा प्रश्न त्या रात्रीं आमच्या डोक्यांतून जाईना. उद्यां कोण जिंकणार याचें भाकित आम्हीं कोणापाशींहि केलें नाहीं.

रविवारीं, २ नोव्हेंबरला, कार्तिकी एकादशी होती. पावसामुळें सामना दोन तास उशिरा सुरूं झाला, त्यामुळें कित्येकांस उपासाबरोबर जागरणाचेंहि पुण्य अनायासें लाभलें. हरमनप्रीत नाणेफेक हरली आणि आफ्रिकेनें भारतास फलंदाजी दिली. टपरीवरच्या अण्णांचें तेवढें भाकित अक्षरशः खरें झालें. पुढें जें घडलें तें मात्र कोणाच्याच हिशेबांत नव्हतें. शेफाली वर्मा वर्षभर एकदिवसीय संघाबाहेर होती; स्पर्धेसाठीं निवडलेल्या मूळ संघांत तिचें नांवहि नव्हतें. प्रतिका जायबंदी झाली म्हणून तिला ऐन वेळीं बोलाविलें, आणि उपांत्य सामन्यांत ती दहाच धांवा काढून परतली होती. शुक्रवारच्या आणि शनिवारच्या चर्चेंत तिचें नांव निघालें तें प्रतिकाच्या उणीवेपुरतें. तिनें ७८ चेंडूंत ८७ धांवा काढिल्या. आणि दक्षिण आफ्रिकेचा डाव स्थिरावूं पाहत असतां हरमनप्रीतनें तिच्या हातीं चेंडू दिला, तेव्हां दोन गडीहि बाद केले. भारताच्या सात बाद २९८ धांवांस उत्तर देतांना वोल्व्हार्टनें शतक पुरें केलें. पण दीप्तीच्या हातून चेंडू निसटला नाहीं. तिनें ३९ धांवांत पांच गडी टिपले, शेवटच्या गड्याचा झेल कर्णधारानें घेतला, आणि २४६ धांवांवर आफ्रिकेचा डाव संपला. मध्यरात्रीच्या सुमारास भारतीय स्त्रिया प्रथमच विश्वविजेत्या झाल्या.

आमच्या विद्यार्थिनीचा सराव अर्थातच चालूं राहिला. गांवांतल्या मंडळींनीं मुलींस एक नवी बॅटहि आणून दिली. आम्हांस आनंद झाला, यांत संशय नाहीं. तरी त्या आनंदाच्या तळाशीं एक खडा टोंचत राहिला. ही परवानगी मिळाली ती दुसऱ्यांच्या विजयावर. दुसऱ्याच्या तारणावर काढलेल्या कर्जासारखी ती होती. सावकाराचें मन फिरलें कीं परत करावयाची. सामना ५२ धांवांनीं उलट गेला असता तर या आठ मुलींच्या गुणांत तिळमात्र फरक पडला नसता. त्यांची वाट मात्र बंद झाली असती. विजयाचा उत्सव करणाऱ्यांनीं हें विसरूं नये असें आम्हांस वाटे, पण उत्सवाच्या वेळीं असलें बोलणें कोणास रुचत नाहीं, आणि तें योग्यहि आहे.

मग कांहीं आठवड्यांनीं त्या मुलींचा शेजारच्या गांवच्या मुलींशीं सामना झाला, आणि त्यांत त्या सपाटून हरल्या. आमच्या मनांत आलें, आतां खरी परीक्षा. पुढच्या बाजारच्या दिवशीं आप्पा दिसले तेव्हां आम्हीं विषय काढण्याचें टाळलें. पण त्यांनींच आम्हांस गांठलें.

'सर, तुम्ही नव्हता काल पारावर. निम्मा गाव भांडत होता. शेवटून दुसरी ओव्हर त्या डावखुऱ्या पोरीला द्यायला नको होती. मी आमच्या बाईला आधीच सांगितलं होतं, पण कॅप्टन ना ती, ऐकते कशाला!'

'आणि प्रॅक्टिस?' आम्हीं भीतभीतच विचारिलें.

'प्रॅक्टिसचं काय?' त्यांस आमचा प्रश्नच कळला नाहीं. 'आता तासभर आधी जातात, उजेडात घरी येतात. पोरांना सांगितलंय, तुम्ही मागाहून खेळा. अन् पुढच्या महिन्यात परत मॅच आहे त्यांच्याशी. लिहून ठेवा तुम्ही, सर, या वेळी आपल्या पोरी जिंकणार!'

भाकित खरें होवो वा खोटें. आप्पांनीं तें बाजारांत, चार माणसांच्या देखत, मोठ्यानें केलें.